गळपट्टीच्या वर

धान्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची अंत्ययात्रा दक्षिण बाजारातून निघून मांगशानच्या टेकाडांकडे चालली होती, आणि थान शौरन रस्त्याच्या कडेला उभा राहून तिळाची गरम रोटी खात होता. रडणाऱ्या बाया पुढे गेल्या, वाजवणारे पुढे गेले, आणि मग लोक ज्याच्यासाठी खरे थांबले होते ते आलं: माणसांच्या खांद्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर उभी केलेली मातीची मंडळी. घोडे, उंट, सईस, नाचणाऱ्या पोरी, मोलकरणी, सगळी मेलेल्याच्या सोबतीला जमिनीखाली जायची. थान हाच माल बनवायचा. त्याचा बापही हाच बनवायचा. त्यामुळे त्याला व्यापाऱ्याचं दुःख झालं नाही, त्याने उंटाचे पाय पाहिले. पाय जाड होते. भट्टीत उंट खचू नये म्हणून जाड केले असणार, भित्र्या माणसाचं काम. घोड्याच्या पाठीवरची हिरवी झिलई मात्र छान ओघळली होती, तेवढ्यापुरती त्याने मनात मान डोलावली. तेवढ्यात शेजारी उभी असलेली एक भाजीवाली मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, ती मोलकरीण बघ! तिला डोळेच नाहीत की गं!" तिची सोबतीण म्हणाली, "नाक आहे की." "नुसतं नाक घेऊन काय करायचंय? चहा ओत म्हटलं तर मालकाच्या मांडीवर ओतेल." फळी धरणारा गडी घामाघूम झाला होता, तरी त्याने वळून उत्तर दिलं. "हसा, हसा. रंगारी आजारी पडला आमचा. आणि मालकाला आता कुठं कळतंय!" सगळे हसले. थानही हसला. मोलकरणीचा चेहरा पांढरा, गुळगुळीत, भट्टीतून निघाला तसाच होता. भुवया नाहीत, बुबुळं नाहीत, ओठांच्या जागी मातीचा नुसता उंचवटा. तिच्याकडे पाहता पाहता थानच्या तोंडातला घास तिथेच राहिला. सानन्यांगच्या, त्याच्या मेलेल्या बायकोच्या, सोबत गेलेल्यांनाही डोळे नव्हते. त्याने स्वतःच्या हातांनी केलेल्या, स्वतःच्या हातांनी थडग्यात मांडलेल्या एकालाही.

यात्रा पुढे गेली. भाजीवालीने टोपली डोक्यावर उचलली आणि तीही गेली. थान तिथेच उभा राहिला. असं कसं झालं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही, कारण कसं झालं ते त्याला लगेच दिसलं, आणि तेच वाईट होतं. झिलई भट्टीत पाण्यासारखी पळते. हिरवी, मधासारखी पिवळी, सायीसारखी पांढरी, तिन्ही एकमेकींत घुसतात, वरून खाली धावतात. अंगरख्यावर, बाह्यांवर, घोड्याच्या पोटावर ते शोभतं. चेहऱ्यावर ती लावली तर डोळे-तोंड सगळं वाहून जाईल. म्हणून मुंडकं कोरडं ठेवायचं, आणि भट्टीतून निघाल्यावर, माल गार झाल्यावर, त्यावर कुंचल्याने चेहरा काढायचा. थान साच्यात माती दाबायचा, जोडायचा, झिलई लावायचा, भाजायचा. चेहरे सानन्यांग काढायची. लग्नानंतर पहिल्याच हंगामात तिने त्याला सुनावलं होतं, "हे बघा, गळपट्टीच्या खाली तुमचं, वर माझं. तुमचा एक थेंब जरी मानेवर आला ना, तर मी तो तुमच्याच डोक्यावर घासून काढीन." आणि थेंब यायचे. ती छोटी सुरी घेऊन खिडकीपाशी बसायची, मानेवर चढलेली झिलई खरवडायची, आणि खरवडताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. थानला ते ऐकत काम करायला आवडायचं. एवढ्या वर्षांत त्याने एकही मुंडकं रंगवलं नव्हतं, आणि रंगवावंसं वाटलंही नव्हतं. भट्टी उघडली, माल बाहेर काढला, खिडकीखालच्या फळीवर ठेवला, की त्याचं काम संपायचं. त्यानंतर माल परत दिसायचा तो पेंढ्यात गुंडाळायच्या वेळी, आणि तेव्हा त्याला चेहरा असायचा. मधलं काही त्याने करायचं नसे.

ती गेली तेव्हा त्याने दुकान बंद केलं आणि फक्त तिच्यासाठी भट्टी लावली. त्याच्यासारख्या साध्या माणसाने थडग्यात किती आणि केवढं ठेवायचं याचे सरकारी नियम आहेत, ते त्याने पाळले, पण जेवढं ठेवलं तेवढं असं केलं की तसं काम त्याने कुठल्या सरदारासाठीही केलं नव्हतं. पाणी आणणारा गडी. स्वयंपाकीण. केस विंचरून देणारी पोरगी, कारण शेवटच्या महिन्यांत सानन्यांगला हात वर नेता यायचा नाही. बैलगाडी, कारण तिला चालायचा कंटाळा होता आणि गाडी कधी परवडली नव्हती. एक कुत्रा, वळून स्वतःची पाठ चाटणारा. त्या भट्टीत काहीही तडकलं नाही. झिलई अशी उतरली होती की शेजारचा कुंभार दोनदा येऊन पाहून गेला. थडग्याच्या कोनाड्यात दिव्याच्या उजेडात त्याने पेंढा काढला आणि एकेकाला उभं केलं. त्याने बाह्या पाहिल्या, अंगरख्याच्या चुण्या पाहिल्या, गडी डुगडुगत नाही ना ते बोटाने ढकलून पाहिलं. सगळं नीट होतं. बाहेर आल्यावर तो चार लोकांत म्हणालाही होता, "हात हलला नाही माझा." त्याला तेव्हा त्याचा आधार वाटला होता. आणि आता बाजाराच्या कडेला, हातात गार होत चाललेली रोटी धरून, त्याला ते दिव्याच्या उजेडातले पांढरे अंड्यासारखे चेहरे दिसत होते. त्याने पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. पण भट्टीतून निघालेल्या मालाचा कोरा चेहरा तो जन्मभर पाहत आला होता. कोरा चेहरा म्हणजे माल तयार झाला. डोळ्याला त्यात काही कमी दिसलं नाही.

ती आता त्या लोकांत बसली असेल. हाक मारली तर कोणी वळत नसेल. पाणी आणणाऱ्याला विहीर दिसत नसेल, केस विंचरणाऱ्या पोरीला तिचं डोकं सापडत नसेल. आणि ती, जिला कोरा चेहरा एक दिवस फळीवर राहिलेला चालायचा नाही, जी म्हणायची की पाठीमागून कोणीतरी श्वास कोंडून उभं असल्यासारखं वाटतं, ती त्या सगळ्या कोऱ्या चेहऱ्यांच्या मध्ये कायमची. थानने उरलेली रोटी एका कुत्र्यापुढे टाकली आणि तो कारखान्याकडे निघाला. तो भराभर चालत होता. त्याला रडू येत नव्हतं. भट्टीत तडा गेल्याचा आवाज आला की जसं होतं तसं झालं होतं: काय फुटलं ते कळल्याशिवाय दुसरं काही करता येत नाही, आणि भट्टी तर गार होईपर्यंत उघडता येत नाही.

कारखान्यात तिच्या खिडकीपाशी फान बसला होता. फान पूर्वी देवळांच्या भिंती रंगवायचा. उंच शिडीवर आता चक्कर येते म्हणून तो खाली उतरला होता, आणि सानन्यांगनंतर थानने त्यालाच ठेवला होता. त्याचा हात स्वच्छ होता, पण त्याच्या हातून निघालेली प्रत्येक बाई, मग ती नाचणारी असो की कोंबडी धरून उभी असो, खाली नजर लावून जगावर दया करत असायची. थान स्टुलावर बसला आणि म्हणाला, "फान, एक विचारतो. थडग्यात गेलेल्या माणसांना चेहरा काढायचा राहिला, तर काय करतात?"

"कोणाच्या थडग्यात?"

"असंच विचारतोय."

फानने कुंचला पाण्यात ठेवला. त्याला बहुतेक तिथेच कळलं. "उघडता येणार नाही, मालक. धरून नेतील तुम्हाला. आणि ज्याच्यासाठी उघडाल त्याची झोप मोडेल ती वेगळीच."

"ते मला माहीत आहे."

"मग मी कागदावर चेहरे काढून देतो. नावानिशी काढतो, ही स्वयंपाकीण, हा गडी. थडग्यापाशी जाळा. मेलेल्यांसाठी जाळलेले कागदाचे पैसे पोचतात, तर चेहरे का नाही पोचायचे?"

थानने त्यावर मन लावून विचार केला. उपाय चुकीचा नव्हता. त्याने डोळ्यांपुढे आणलं: धुरातून खाली उतरलेले फानचे चेहरे एकेकाच्या मुंडक्यावर बसताहेत, स्वयंपाकीण जगावर दया करते आहे, पाणी आणणारा गडी जगावर दया करतो आहे, आणि सानन्यांग कमरेवर हात ठेवून म्हणते आहे, हे कोणी पाठवलं? यांना भांडी घासायला सांगायची मला लाज वाटेल. बाजारातून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या ओठाचा कोपरा हलला. "नको," तो म्हणाला.

"का? माझं काम वाईट आहे?"

"काम चांगलं आहे. तिला चालणार नाही."

"त्या गेल्या, मालक," फान हळू आवाजात म्हणाला.

"गेली म्हणजे काय, तिची आवड बदलली?"

थान फानच्या मागची फळी बघत बसला. एकाच साच्यातून काढलेले सईस रांगेने उभे होते. साचा एकच, त्यामुळे सगळ्यांचा खांदा तसाच उतरता, मूठ तशीच वळलेली, लगाम धरायला. पण सानन्यांगच्या हाताखालून गेलेले दोन सईस कधी सारखे निघाले नाहीत. एक भुवई जरा वर, तर तो घोड्यावर चिडलेला. ओठ जरा आत, तर तो रात्री जास्त प्यायलेला. थान विचारायचा, "हा असा का गं?" ती म्हणायची, "मी काय करू, तो असाच आहे." गाल तयार होईपर्यंत थानला स्वतःच्या हाताने केलेला माणूस कोण आहे ते कळायचं नाही, आणि कळलं की तो हटकून त्याच गल्लीतला कोणीतरी निघायचा. एकदा गालांचा लाल रंग, हिंगूळ, संपला होता. उत्तरेकडचा रस्ता पुराने बंद, माल अडकलेला, गिऱ्हाईक दाराशी, घरातला मुडदा थांबणार किती. सानन्यांग आत गेली आणि स्वतःची लालीची डबी आणि भुवयांचं काजळ घेऊन आली. लग्नातली डबी होती ती. दिवसभर बसून तिने तिच्या लालीने दहा-बारा गाल रंगवले, आणि संध्याकाळी डबीचा तळ दाखवत म्हणाली, "आता वर्षभर मी अशीच फिकट दिसणार. गिऱ्हाइकाकडून वसूल करा." मग कुंचला ओठांत ओला केला, त्याचं टोक जुळवलं आणि तो अंबाड्यात खोचला. हीच तिची पद्धत. तो बारीक केसांचा कुंचला, बुबुळांचा, तिच्या अंबाड्यात असायचा. जेवताना असायचा, दळताना असायचा. थानची आई म्हणायची, ही सून आहे की कुंचल्याचं डबडं.

थानने मान वळवून खिडकीतल्या मडक्याकडे पाहिलं. तिचे कुंचले त्यात उभे होते. जाड होता, चपटा होता, पांढऱ्या भुकटीचा होता. बारीक नव्हता. त्याने मडकं उपडं केलं. "फान, बुबुळांचा कुंचला तू घेतलास?"

"मी माझेच कुंचले वापरतो," फान दुखावून म्हणाला. "दुसऱ्याच्या कुंचल्याला मी हात लावत नाही. तो इथे नव्हताच, मी आलो तेव्हापासून."

थानने फळीखाली पाहिलं, तिच्या कपड्यांच्या पेटीत पाहिलं, अंथरुणाच्या गुंडाळीत पाहिलं. त्याला आठवत होतं तेवढं असं की आजारपणातही तो कुंचला तिच्या जवळ असायचा, कधी उशाशी, कधी बाहीत. काम होत नव्हतं, पण धरायला काहीतरी लागतं म्हणायची. त्यानंतरचं त्याला ठाऊक नव्हतं. तिला न्हाऊ घालून, कपडे करून बायकांनीच बाहेर आणलं. त्या वेळी खोलीत पुरुषाने जायचं नसतं, आणि तो भट्टीपाशी होता. खोलीत होती ती तिची थोरली बहीण. थानने अंगरखा झटकला. "मी ताईंकडे जाऊन येतो."

"संध्याकाळचा नगारा व्हायच्या आत या, नाहीतर वस्तीचं फाटक लागेल," फान म्हणाला.

लो नदीवरच्या पुलावर गर्दी होती. थान कडेकडेने चालला. आपण कशासाठी चाललो आहोत ते त्याला आता नीट ठाऊक होतं. कुंचला कुणी झाडून टाकला असेल, पोरांनी नेला असेल, चुलीत गेला असेल, तर तिच्याजवळ काही नाही. मग ती आहे आणि ते कोरे चेहरे आहेत, आणि त्यात बदल होण्याचा काही मार्ग नाही. त्याने मरणानंतरच्या जगाचा कधी फार विचार केला नव्हता. लोहार तलवारीचा जेवढा विचार करतो तेवढाच. माल मजबूत पाहिजे, उभा राहिला पाहिजे. आपण केलेली माणसं तिथे उठतात, कामाला लागतात, हे तो धरूनच चालला होता. धरून चालला नसता तर एवढी वर्षं माती मळली कशाला असती?

ताईचं वाफवलेल्या रोट्यांचं दुकान पुलाच्या पलीकडच्या वस्तीत होतं. ती वाफेत हात घालून रोट्या काढत होती. त्याला पाहताच म्हणाली, "ये रे बाबा. वाळला आहेस की नुसता! खातोस का काही, का त्या देवळातल्या रंगाऱ्याबरोबर हवा खातोस?"

"ताई, एक विचारायचंय. तिला तयार केलंत तेव्हा अंबाड्याला काय लावलं होतं?"

ताईचा हात वाफेतच थांबला. मग तिने तो चटकन बाहेर काढला आणि फुंकला. "आता हे काय? इतक्या महिन्यांनी?"

"सांगा ना."

"चांदीचा आकडा द्यायचा ठरला होता. आईचा."

"ठरला होता. लावला का?"

ताईने गिऱ्हाइकाला रोट्या दिल्या, टोपलीवर फडकं टाकलं, आणि ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते त्याच्यापुढे आदळलं. चांदीचा आकडा होता. "घे. मला वाटलंच होतं तू एक दिवस येणार. चोर नाही मी, शौरन. तिच्या डोक्यावर केस राहिले होते का? आजारानं बहुतेक गेले होते. आकडा लावला की घसरायचा, लावला की घसरायचा. बाहेर लोक घाई करताहेत, मी रडतेय, शेजारीण म्हणतेय सोडा आता तसंच. आणि बहिणीला मी मोकळ्या केसांनी पाठवू? तिच्या बाहीत तो मेला कुंचला होता. तो खोचला. आणि तो बसला बघ! हलवला तरी हलेना. केसांना सवयच त्याची. मग आकडा राहिला माझ्याकडे. तुला सांगणार होते. पण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आकडसासूनं चांदी दाबली आणि माझ्या बायकोला काटकी खोचून पाठवली."

थान हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग पाठीमागच्या पिठाच्या पोत्याला टेकून. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली.

"हसतोस काय वेड्यासारखा?" ताई चिडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी इकडे रोज जळतेय, आणि हा हसतोय!"

"ताई, लालीची डबी ठेवली होतीत?"

"ती नाही ठेवणार? बाईमाणूस आहे ती. लाली, पांढरी भुकटी, भुवयांचं काजळ, आरसा. सगळं डोक्याशी. नवी डबी होती, पूर्ण भरलेली. एवढं तरी मला कळतं."

"कळतं तुम्हाला," थान म्हणाला. "सगळं कळतं. हा आकडा तुमच्या सुनेला द्या." आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं, बाजारातल्या मोलकरणीपासून. ताई ऐकत गेली. कोऱ्या चेहऱ्यांचं ऐकून तिने तोंडावर हात ठेवला, आणि कुंचल्यापाशी आल्यावर तो हात हळूहळू खाली आला. मग तिने टोपलीवरचं फडकं काढलं, एक रोटी त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "स्वयंपाकिणीला ती माझं तोंड काढील. बघशील तू. लहानपणापासून तिचा माझ्यावर दात आहे."

परतताना पुलावर तो रोटी खात चालला. बाजारात अडकलेल्या त्या घासानंतर पहिलाच घास पोटात जात होता. आपण विसरलो होतो, हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही. विसरलोच होतो. पण हात रोज जिथे थांबायचा तिथेच थांबला होता, गळपट्टीपाशी, आणि वरचं तिच्याकडे गेलं होतं, जसं नेहमी जायचं. त्याने चेहरे काढले असते तर काय निघाले असते? फानने काढले असते तर? तिने ते पुसून टाकले असते आणि आधी शिव्या दिल्या असत्या. आता तिला पुसायचं कामही नाही. ती बसली असेल. अंबाड्यातून कुंचला काढला असेल, म्हणजे केस सुटले असतील, पण तिथे केस परत आले असतील अशी थानची खात्री होती. कुंचला ओठांत धरून टोक जुळवलं असेल. पहिली ती केस विंचरणारी पोरगी. मग पाणी आणणारा. घाई नाही, गिऱ्हाईक दाराशी नाही, आणि डबी भरलेली. त्या मातीच्या लोकांपैकी कोण रागीट, कोण आळशी, कोण रात्री पिऊन येणारा, हे थानला माहीत नव्हतं, आणि त्याला त्याची उत्सुकता वाटायला लागली, जशी पूर्वी भट्टी गार झाल्यावर संध्याकाळी खिडकीकडे जाताना वाटायची. नगारा सुरू झाला तेव्हा तो वस्तीच्या फाटकातून आत आला होता.

पुढची भट्टी उघडली तेव्हा माल चांगला निघाला. दोन घोडे, सहा-सात बायका, एक सईस, आणि त्या साच्यांत न बसणारा, हाताने घडवलेला एक माणूस, बाह्यांत हात घालून नुसता उभा. फानने सगळ्यांना खिडकीखाली घेतलं, आणि त्या माणसाकडे आल्यावर त्याने कुंचला उचलून विचारलं, "हा कोण आहे, मालक? सईस की कारकून?"

"मला माहीत नाही."

"मग चेहरा कसला काढू?"

"काढायचा नाही. त्याला पेंढ्यात गुंडाळून माळ्यावर ठेव. तो माझ्याबरोबर जायचा, तिच्या शेजारच्या जागेत."

"असा? बिनडोळ्यांचा?"

"तिथपर्यंत बिनडोळ्यांचा," थान म्हणाला. "पुढचं ती बघेल." त्याने तो माणूस उजेडात धरून फिरवला. मानेच्या मागच्या बाजूला हिरव्या झिलईचा एक थेंब गळपट्टी ओलांडून वर चढला होता. थानने फळीवरची तिची छोटी सुरी घेतली, खिडकीपाशी तिच्या जागेवर बसला, आणि शिव्या न देता, हळूहळू, तो थेंब खरवडून मान स्वच्छ केली.